वातावरण पोषक

झेरॉक्सवाल्या कोंडीबानं तोंड मिटून प्रिंट काढून दिली असती, तर सुरय्या अकरा वाजता सही करून, फाइल टेबलावर टाकून मोकळी झाली असती. पण कोंडीबाला गप्प बसवत नाही. सांगलीत कचेरीच्या फाटकासमोर वीस वर्षं त्याचं दुकान. कुणाचा सातबारा, कुणाचा फारकतीचा कागद, सगळ्यांची लफडी त्याच्या काचेवरून जाणार आणि तो प्रत्येकावर एकेक शेरा मारणार. आजही फोटोची रंगीत प्रिंट मशिनीतून निघता निघता त्यानं चष्मा कपाळावर सरकवून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, ह्या घरात बारकं पोर हाय न्हवं?" सुरय्या पर्समध्ये पेन शोधत होती. "आहे. सात वर्षांची मुलगी आहे. का हो?" "न्हाई, दाराची कडी बघा की. वरची हाय ती हाय, पर ही खाली दुसरी, नवी कोरी. पोरीच्या खांद्याबरोबर. आणि आतल्या अंगाला. असली कडी कोण लावतंय?" एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड काचेवर पालथं घालायला लागला. सुरय्यानं प्रिंट हातात घेतली. कागद अजून गरम होता. फोटोत चार माणसांच्या जागी तिघंच होती, कारण चौथा, थोरला मुलगा राजवर्धन, निरीक्षणगृहात होता. आई, बाप, मधे मुलगी. मुलीच्या मागं स्वयंपाकघराचं दार उघडून भिंतीला टेकलेलं, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला, मुलीच्या खांद्याशी, स्टीलची कडी चमकत होती. वाईट याचं नव्हतं की कडी आहे. वाईट याचं होतं की तिला ती पहिल्यांदा दिसतेय असं वाटलं नाही.

नऊ वर्षं ती हे काम करत होती. मुलांच्या हातून काही गुन्हा घडला की बाल न्याय मंडळापुढं त्या मुलाच्या घरचा अहवाल लागतो, तो अहवाल लिहायचं काम. घरी जायचं, माणसं बघायची, शेजारी विचारायचं, दारात सगळ्यांना उभं करून मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे वर तारीख आणि जागा आपोआप छापून येते आणि बाई खरंच गेली होती हे साहेबाला कळतं. जायच्या आधी फोन करायचा, ही तर रीतच. न सांगता गेलं तर निम्मी घरं कुलपात. आणि सांगून गेलं की घर सारवलेलं, बापाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, नवी बेडशीट, बशीत शेव-चिवडा. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण अहवालात रकाना असतो: घरचं वातावरण. तिथं एक शब्द टाकायचा असतो. तिनं आजवर चारशेच्या वर घरांना तो शब्द दिला होता, आणि बहुतेक वेळा तो 'पोषक' हाच होता, कारण दुसरा शब्द टाकला की पुढं दोन पानं भरावी लागतात. राजवर्धनच्या घरालाही तिनं तोच दिला. अहवाल परवाच संगणकावरून गेला, काल मंडळाचा हुकूम झाला, आज चार वाजता पोरगा घरी. हातातल्या कागदावर सही करून तो फाइलला लावायचा, एवढा सोपस्कार राहिला होता.

सतरा वर्षांच्या राजवर्धननं क्लासमधल्या एका पोराच्या तोंडावर स्टीलची पाण्याची बाटली मारली होती. एकदा नाही, पाचदा. जबडा मोडला, कानाला कमी ऐकू यायला लागलं. चार महिने निरीक्षणगृहात होता आणि तिथं त्याच्यासारखा शहाणा पोरगा नाही असं सगळे सांगत. सुरय्या त्याला भेटायला गेली तेव्हा तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली, पंखा तिच्याकडं वळवला. प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर. राग येतो का? "आता न्हाई येत मॅडम." चूक कळली का? "व्हय मॅडम, लय वाईट वाटतं." आणि मधेच, कुठलाही धागा नसताना, "येसू काय म्हणत होती माझ्याबद्दल?" सुरय्या म्हणाली, दादाची आठवण काढते. थोड्या वेळानं पुन्हा, "तुमी गेलासा तवा येसू एकटी बोलली का, का आई होती?" आणि निघताना, चपला घालताना, तिसऱ्यांदा, हसत: "बारकी हाय ती, काहीबाही बोलती. काय बोलली का?" या तीन प्रश्नांवरून सुरय्यानं घरी येऊन काय लिहावं? 'धाकट्या बहिणीविषयी विशेष जिव्हाळा.' कोंडीबाच्या दुकानासमोर, रिक्षांच्या धुरात उभं राहून तिनं ते वाक्य मनात पुन्हा वाचलं आणि तिला स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली.

तिनं जयराज सरांना फोन लावला. सर परिविक्षा अधिकारी, तिचे वरिष्ठ, माणूस सरळ पण कागदाच्या पलीकडं न बघणारा. "सर, राजवर्धनच्या घरी एक गोष्ट राहून गेली. स्वयंपाकघराला आतून खाली एक कडी आहे." पलीकडं कुणीतरी चहा ढवळत होतं. "कडी? बरं मग?" "लहान मुलीला लावता येईल अशी." "मॅडम, तुम्हीच लिहिलंय ना पोषक म्हणून? हुकूम झालाय. आता कडी दिसली म्हणून मी मंडळाला काय सांगू? चारच्या आत ठोस काही असेल तर सांगा, बघू." त्यांचं काही चुकलं नव्हतं. सुरय्यानं घड्याळात बघितलं, साडेअकरा. रिक्षाला हात केला, सांगलीवाडी म्हणाली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी फोन न करता निघाली.

रिक्षा आयर्विन पुलावर आली आणि नेहमीप्रमाणं तिनं खाली पाण्याकडं बघितलं. हीच कृष्णा वाईला तिच्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर वाहते. तिथं ती लहानपणी घाटावरून पडली आणि डावं मनगट मोडलं, ते अजून थंडीत ठणकतं. कुणी विचारलं की ती हेच सांगायची. नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, नोकरीच्या कंत्राटाआधी तपासणाऱ्या डॉक्टरला सांगितलं, शेवाळ होतं, पाय घसरला. शेवाळाचा हिरवा रंगसुद्धा तिला दिसायचा. आज मात्र रिक्षा पुलाच्या मध्यावर असताना रंग दिसेना. त्याऐवजी फरशी दिसली, आणि फरशीवर सांडलेलं पीठ. अजमल तेव्हा सोळा वर्षांचा, तिचा सख्खा भाऊ. अब्बा जत्रांना अत्तराची पेटी घेऊन फिरायचे, घरात अम्मी, ती आणि अजमल. अजमल तसा लाखात एक, मायेचा, तिला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. आणि कधीकधी तो वेगळा व्हायचा. आधी आवाज यायचा. उंबऱ्यावर चप्पल ज्या तऱ्हेनं पडायची त्यावरून कळायचं. म्हणून अम्मीनं लोहाराकडून एक कडी आणून स्वयंपाकघराच्या दाराला आतून ठोकली, सुरय्याच्या हाताला येईल अशी. "मी सांगायची वाट बघायची नाही, बेटा. चप्पल ऐकलीस की लावायची." एकदा तिनं उशीर केला. कडी सरकायच्या आत दार आलं. मनगट दाराच्या आणि चौकटीच्या मधे होतं. घाटावर त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं.

पस्तीस वर्षं झाली. पस्तीस वर्षांत अजमल सुधारला, असं घरात सगळे म्हणतात आणि सगळ्यांत मोठ्यानं ती स्वतः म्हणते. तो वाईत शाळेची व्हॅन चालवतो, पोरं त्याला मामू म्हणतात. आणि म्हणून तर तिला राजवर्धनकडं बघून दया आली. हाही सुधारेल. पोरं त्या वयात तशीच असतात. ती जे लिहीत होती ते राजवर्धनबद्दल नव्हतंच. आणि तरी, खरं बोलायचं ठरलंच आहे तर, गेल्या ईदला ती वाईला गेली होती तेव्हा काय बघितलं? सगळे बसले होते, शीरखुर्मा वाढणं चाललं होतं. बाहेर व्हॅन थांबली. अजमलची मुलगी अरिबा, आठ वर्षांची, बाहुलीशी खेळत होती. तिनं बाहुली उचलली, कुणाकडं न बघता उठली आणि आत स्वयंपाकघरात गेली. तेवढंच. सुरय्यानं बघितलं आणि वाटी पुढं केली, अजून थोडा घाल म्हणाली. परवा राजवर्धनच्या घरातही ती चाळीस मिनिटं त्या दारासमोर बसली होती. कडी तिच्या डोळ्यांसमोर होती. तिला दिसली नव्हती हे खोटं. तिला लहानपणापासून शिकवलं होतं की अशी कडी पाहुण्यांच्या देखत बघायची नसते. आपण माणूस म्हणून वाईट नाही, असं ती रिक्षात स्वतःला सांगू बघत होती, पण ते काही केल्या तोंडातून निघेना.

राजवर्धनची आई रेश्मा दारातच फरशी पुसत होती. सुरय्याला बघून तिचा हात थांबला. "आवं मॅडम, सांगून यायचं की. घर सगळं पसरलंय." घर पसरलेलं नव्हतं. उंबऱ्यावर रांगोळी होती, आत कोंबडीच्या रश्श्याचा वास होता, पाट मांडलेला, ओवाळायचं तबक तयार. बाप नानासो पोराला आणायला गेला होता. सुरय्या आत गेली, बसली नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि दाराचं आतलं अंग बघितलं. कडी नव्हती. जिथं होती तिथं चार भोकं, आणि ती साबणानं बुजवलेली. अंगाचा गुलाबी साबण, त्यावर बोटाचा ठसा होता. रेश्मा मागं येऊन उभी राहिली. "काढली सकाळी. त्यानं बघितली तर त्याला वाईट वाटंल, मॅडम. चार म्हैन्यानं येतोय पोरगा." "ती का लावली होती, ताई?" रेश्मानं साबणावरचा ठसा अंगठ्यानं सारखा केला. मग म्हणाली, "मला दोन पोरं हायत. एक बाहेर ठिवून एक कशी संभाळू? तुमी सांगा. तुमी लिवलंय नव्हं चांगलं. देवासारखं लिवलंय. आता खोडू नगा." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती, आणि सुरय्याला एकदम अम्मी दिसली, पदराला पीठ लागलेली, डॉक्टरला घाटाचं सांगणारी. तिला रेश्माचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

येसू मागच्या खोलीत दप्तर लावत होती. शाळा सकाळची, दुसरीतली पोर, दोन घट्ट वेण्या. सुरय्यानं रेश्माला पाणी आणायला लावलं आणि खाली तिच्याजवळ बसली. वही बघू म्हणाली. वहीत पाढे होते, सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. "दादा येतोय ना आज?" मुलीनं मान हलवली. "तो मारतो का गं तुला?" हा प्रश्न असा सरळ विचारायचा नसतो, हे सुरय्या नव्या मुलींना प्रशिक्षणात शिकवते. पण वेळ नव्हता. येसूनं वही बंद केली, दप्तरात घातली, चेन ओढली. मग हळूच म्हणाली, "आधी न्हाई मारत." "आधी म्हणजे?" "आधी तो विचारतो." "काय विचारतो?" "कुणाला सांगितलंस ते." सुरय्यानं विचारलं, "आणि तू कुणाला सांगतेस?" मुलगी तिच्याकडं अशी बघायला लागली की जणू ह्या बाईला साधी गोष्ट कळत नाही. "कुणालाच न्हाई. तरी विचारतो."

बस. याहून ठोस काय हवं होतं? सुरय्या उठली, पर्समधून फोन काढला. रेश्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "कुणाला लावताय फोन?" "सरांना. आज सोडायचं नाही म्हणून सांगते. चार वाजायला अजून..." "आता काय थांबवताय मॅडम," रेश्मा म्हणाली, "निघाल्यात ते. ह्यांचा फोन आला मगाशी. तिथल्या साहेबास्नी मिरजंला जायचं हुतं, म्हणून साडेअकरालाच सोडलं." आणि मग, आवाज खाली आणून, घाईघाईनं, "तुमी जावा. त्यानं बघायच्या आत जावा. तुमाला हितं बघितलं तर त्यो काय म्हणंल ठाव हाय का?" सुरय्याला ठाऊक होतं. ती न येती तर निदान आजचा दिवस तबक, ओवाळणी, रश्श्यात गेला असता. ती आली म्हणजे त्याच्या लेखी मुलीनं काहीतरी सांगितलं. ती कशी आली, का आली, याच्याशी त्याला काय करायचंय. नऊ वर्षांत पहिल्यांदा न सांगता गेली आणि ज्या पोरीसाठी गेली तिच्याच गळ्याशी सगळं आणून ठेवलं. निघून जावं. गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जावं, पुलावरून फोन करावा, गाडी मागवावी. हे शहाणपणाचं होतं. तिनं एका पायात चप्पल घातलीसुद्धा. दुसरी शोधताना तिनं मागं बघितलं. येसू मधल्या खोलीत येऊन उभी होती आणि तिच्या पायाकडं बघत होती. थांबा म्हणाली नाही, रडली नाही. जाणाऱ्या माणसांना कसं बघायचं हे तिला माहीत होतं. सुरय्यानं चप्पल पुन्हा काढली.

गाडी दाराशी थांबली. नानासो हँडल धरून बसून राहिला, आणि मागून राजवर्धन उतरला. उन्हातून आत आल्यामुळं क्षणभर त्याला नीट दिसलं नसावं. मग दिसलं. तो चार महिन्यांत उंच झाला होता, केस बारीक कापलेले. त्यानं वाकून आईच्या पायाला हात लावला, ओवाळायची वाट बघितली नाही, आणि हात जोडून म्हणाला, "नमस्ते मॅडम. तुमी हितं?" आवाज गोड होता. मग तो सुरय्याकडं न बघता बहिणीकडं बघून हसला. "येसूनं बोलावलं का तुमाला?"

"नाही," सुरय्या म्हणाली. "मला कुणी बोलावलं नाही. मी माझी चूक झाली म्हणून आले." आणि त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर, तिनं फोन लावला आणि मोठ्यानं बोलली, कारण तिला माहीत होतं की हळू बोलली तर ती पुन्हा शेवाळाची गोष्ट सांगेल. "सर, सुरय्या बोलतेय. अहवालात मी खोटं लिहिलंय. कडी मला परवाच दिसली होती, मी लिहिली नाही. पोरगा इथं पोचलाय. मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यायचंय. गाडी पाठवा, सोबत लेडी कॉन्स्टेबल पाठवा. मी इथंच बसलेय." पलीकडं सरांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "मॅडम, हे असं सांगितलंत तर तुमची नोकरी राहत नाही." ती म्हणाली, "कळतंय सर." "निघतो मी. अर्धा तास लागेल. तोवर काही बोलू नका." फोन बंद झाला. रेश्मा भिंतीला टेकून खाली बसली होती, तांब्यातलं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं आणि तिला पत्ता नव्हता. नानासो आत आलाच नाही.

राजवर्धन चिडला नाही. सुरय्याला तो चिडेल असं वाटलं होतं, त्याची तयारी होती. त्यानं पाटावरून ओवाळायचं तबक उचलून नीट बाजूला ठेवलं. बूट काढले, जोडून ठेवले. मग पुढचं दार लोटलं. "ऊन लय येतंय," म्हणाला. खोलीत एकदम थंड आणि काळोखं झालं. तो पाटावर बसला, मांडीवर हात ठेवले, आणि अगदी मायेनं म्हणाला, "येसू, इकडं ये की. दादाजवळ बस." सुरय्यानं मुलीचा हात धरला. "ती येणार नाही," म्हणाली. "ये गं," तो पुन्हा म्हणाला, आणखी हळू. तेव्हा सुरय्याच्या हातात तो बारका हात वळायला लागला. मुलगी तिच्यामागं लपत नव्हती. ती हात सोडवून घेत होती, नखं लावून, सगळा जोर काढून, त्याच्याकडं जायला. उशीर झाला की काय होतं हे तिला माहीत होतं. भिंतीवरच्या घड्याळात अर्ध्या तासातली तीनच मिनिटं झाली होती. सुरय्यानं खाली बसून दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं.